सांडपाणी, जिवाणू आणि कुंभाराची माती

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी शिवाचे प्राचीन मंदिर आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ज्या पाण्याच्या काठी शिलाहार राजांना देवालय उभारावेसे वाटले, तेच पाणी आज अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन कल्याणच्या दिशेने वाहत आहे.

उल्हासनगर हे मुळात शहर म्हणून वसविलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैनिकांची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीचे पाच विभाग कॅम्प १ ते कॅम्प ५ या नावांनी आजही ओळखले जातात. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी आखलेल्या जागेत उद्यमशील लोकांनी बाजारपेठा व लहान कारखाने उभे केले. कॅम्प २ हा अशाच दाट वस्तीचा व व्यापाराचा भाग होय. या भागातील खेमाणी नाल्याचे पाणी उल्हास नदीकडे वळते. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, तेव्हा त्यात या नाल्याचाही उल्लेख झाला.

शहराच्या दृष्टीने नाला वस्तीबाहेर गेला की प्रश्न संपतो. नदीकाठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. भाताचे पीक निघाल्यावर जो शेतकरी नदीच्या पाण्यावर भेंडी, मुळा किंवा पालेभाजी करतो, त्याच्या वाफ्यात हे पाणी येते. म्हणून सांडपाणी स्वस्तात कसे शुद्ध करता येईल, हा प्रश्न नगरपालिकेच्या अभियंत्याचा आहे तितकाच तो शेतकऱ्याचाही आहे. सांडपाण्यातील जिवाणूंकडून वीज मिळविण्याच्या व त्याच वेळी पाणी शुद्ध करण्याच्या एका रीतीवर गेली काही वर्षे संशोधन चालू आहे. त्यात कुंभाराच्या साध्या भाजलेल्या मातीला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. ही रीत काय आहे, तिच्यापासून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

घाणीतील शक्ती

सांडपाण्यातील घाण म्हणजे बहुतांशी अन्नाचे अंश, मलमूत्र, साबण व तेलकटपणा होय. लाकडात जशी जाळण्याजोगी शक्ती असते तशी ती या सेंद्रिय द्रव्यांतही असते. घाण किती आहे हे मोजण्यासाठी, ती पूर्णपणे जाळून टाकण्यास किती प्राणवायू लागेल, हे माप वापरतात. घरगुती सांडपाण्याच्या एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, साधारणपणे अर्धा किलोग्रॅम प्राणवायू लागतो असे धरण्यास हरकत नाही.

नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात हा प्राणवायू यंत्राने पाण्यात हवा घुसळून पुरवतात. त्यासाठी दर घनमीटर पाण्यामागे सुमारे ०.३ ते ०.६ युनिट वीज खर्च होते. म्हणजे ज्या पाण्यात स्वतःची शक्ती आहे ते शुद्ध करण्यासाठी बाहेरून शक्ती विकत आणावी लागते. वीज गेली की यंत्र थांबते, बिल थकले की केंद्र बंद पडते, आणि पाणी तसेच नाल्यात जाते. नव्या रीतीचा विचार या अडचणीतून सुरू होतो.

जिवाणू वीज कशी देतात

प्रत्येक सजीव अन्न पचवतो तेव्हा अन्नातून इलेक्ट्रॉन हे ऋण विद्युतभाराचे कण सुटतात. हे कण शेवटी कोणीतरी स्वीकारावे लागतात. माणसाच्या शरीरात ते श्वासातील प्राणवायू स्वीकारतो. जेथे प्राणवायू नाही तेथे जिवाणूंना दुसरा स्वीकारणारा शोधावा लागतो.

भातशेती करणाऱ्यास हे दृश्य परिचयाचे आहे. खाचरात पाणी साचून राहिले की खालचा चिखल करडा-काळसर होतो, पण भाताच्या मुळांभोवती तांबूस गंजाचा थर दिसतो. चिखलातील जिवाणू प्राणवायूच्या अभावी मातीतील लोहाला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे चिखलाचा रंग पालटतो. मुळांवाटे थोडी हवा खाली उतरते, तेथे ते लोह पुन्हा गंजते. असे लोहाला इलेक्ट्रॉन देणारे जिओबॅक्टर नावाचे जिवाणू १९८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून वेगळे करण्यात आले. लोहाच्या कणाऐवजी कार्बनची कांडी ठेवली, तर हे जिवाणू तिलाही इलेक्ट्रॉन देतात. त्या कांडीला तार जोडून तारेचे दुसरे टोक हवेतील प्राणवायूशी संपर्क असलेल्या दुसऱ्या कांडीला जोडले, की तारेतून इलेक्ट्रॉन वाहू लागतात. इलेक्ट्रॉनांचा हा प्रवाह म्हणजेच वीज. अशा रचनेस सूक्ष्मजीव विद्युतघट म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचे एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये जिवाणू व किण्व यांच्यापासून विजेचा दाब निर्माण होतो असे दाखविले होते. मात्र साध्या घरगुती सांडपाण्यावर असा घट चालवून वीज व शुद्धीकरण दोन्ही साधता येतात, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात हाँग लिऊ, ब्रूस लोगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले.

महाग पडद्याची अडचण

या घटाचे दोन भाग असतात. एका भागात सांडपाणी व जिवाणू असतात, तेथे हवा मुळीच जाता कामा नये. हवा मिळाली तर जिवाणू इलेक्ट्रॉन कांडीला न देता थेट प्राणवायूला देतील आणि वीज मिळणार नाही. दुसऱ्या भागात मात्र हवा हवीच. दोहोंमध्ये एक पडदा लागतो. या पडद्याने हवा व घाण अडवावी, पण पाण्यातील धनभारित कण पलीकडे जाऊ द्यावेत. इलेक्ट्रॉन तारेने गेले आणि धनभारित कण मागेच अडकून पडले, तर थोड्याच वेळात प्रवाह थांबतो.

या कामासाठी प्रयोगशाळांत प्रथम नॅफिऑन नावाचा कृत्रिम पडदा वापरला गेला. ड्युपाँ या अमेरिकी कंपनीने तो १९६० नंतरच्या दशकात तयार केला. त्याची किंमत दर चौरस मीटरला कित्येक हजार रुपये होते. एका गावाचे पाणी शुद्ध करण्यास असा पडदा शेकडो चौरस मीटर लागेल, तेव्हा हा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

शिवाय महाग वस्तू या कामाला योग्यच असते असे नाही. हायड्रोजनचे धनभारित कण वेगाने पलीकडे नेणे हा नॅफिऑनचा विशेष गुण आहे. सांडपाण्यात मात्र हे कण अत्यंत कमी असतात, आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व अमोनियम यांचे कण त्यांच्या हजारो पटींनी अधिक असतात. पडद्यातून प्रामुख्याने हेच कण जातात. त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो तो वेगळाच. ज्या गुणासाठी एवढी किंमत मोजायची त्याचा येथे फारसा उपयोगच होत नाही.

मातीच्या भांड्याचा प्रयोग

भारतीय तंत्रज्ञान संस्था, खरगपूर येथील प्रा. मकरंद घांगरेकर व त्यांचे सहकारी यांनी या अडचणीवर मातीच्या भांड्याचा उपाय योजला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात भातगिरणीचे सांडपाणी दोन प्रकारच्या घटांत घालण्यात आले. एका घटात मातीच्या भांड्याची भिंत हाच पडदा होता, दुसऱ्यात महाग कृत्रिम पडदा होता. मातीच्या घटाने पाण्यातील घाण जास्तीत जास्त ९६.५ टक्के कमी केली, तर कृत्रिम पडद्याच्या घटाने ९२.६ टक्के. मातीच्या घटातून दर घनमीटरला २.३ वॅट इतकी वीज मिळाली, दुसऱ्यातून ०.५३ वॅट. भातगिरणीचे मूळ पाणी आम्लधर्मी असते. ते किंचित अल्कधर्मी केल्यावर हे उत्तम निकाल मिळाले. पाण्याची आम्लता वाढू दिली तेव्हा वीज कमी झाली.

म्हणजे कुंभाराच्या चाकावर घडलेल्या भांड्याने कारखान्यात बनलेल्या पडद्यापेक्षा या कामात सरस कामगिरी केली. हे कसे घडते, हे उन्हाळ्यातील माठाकडे पाहिले की कळते. माठाच्या भिंतीत डोळ्यांस न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. ती पाण्याने भरलेली असतात, म्हणूनच माठ बाहेरून ओला राहतो व आतील पाणी थंड होते. त्याच ओल्या छिद्रांतून पाण्यात विरघळलेले धनभारित कण पलीकडे जातात. छिद्रे पाण्याने भरलेली असल्यामुळे हवेला आत शिरणे कठीण होते, आणि घाणीचे जाड कण तर अडूनच राहतात.

काळी माती व तांबडी माती

मातीचा आणखी एक गुण शेतकऱ्यास ठाऊक आहे. अमोनियायुक्त खत शेतात घातले तर ते पहिल्याच पावसात पूर्णपणे वाहून जात नाही, कारण मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात व ते अमोनियम, पोटॅश, चुना यांचे धनभारित कण धरून ठेवतात. धरलेला कण सोडून त्याच्या जागी दुसरा घेणे हा मातीचा स्वभाव आहे. पडद्यातून धनभारित कण पुढे सरकण्यास हाच स्वभाव उपयोगी पडतो.

हा गुण सर्व मातींत सारखा नसतो. कोकणातील तांबड्या मातीत केओलिनाइट हे खनिज बरेच असते व त्याची कण धरण्याची शक्ती कमी असते. देशावरील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. पावसात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन त्याच खनिजामुळे तशी वागते, आणि तिची कण धरून ठेवण्याची शक्तीही मोठी असते. खरगपूर येथेच पुढे कुंभाराच्या मातीत माँटमोरिलोनाइट मिसळून भांडी करण्यात आली व त्यांतून मिळणारी वीज वाढल्याचे आढळले. अर्थात नुसत्या काळ्या मातीचे भांडे वाळताना तडकते, हे प्रत्येक कुंभार जाणतो. म्हणून मिश्रणाचे प्रमाण प्रयोगानेच ठरवावे लागते.

मातीच्या पडद्याला उणिवाही आहेत. भिंत फार पातळ किंवा फार सच्छिद्र असली तर सांडपाणी पाझरते आणि हवा आत शिरते. फार जाड असली तर कणांची वाट लांबते व वीज घटते. अतिशय कडक भाजलेल्या भांड्याची छिद्रे मिटतात. काही महिन्यांनी बाहेरील बाजूस माठावर चढतो तसा पांढरा क्षार चढतो, तो वेळोवेळी काढावा लागतो. मात्र भांडे निकामी झाले तरी नवे घेण्यास फार पैसे लागत नाहीत. गावातील कारागीर ते पुरवू शकतो, हा या रीतीचा मोठा फायदा आहे.

वीज किती मिळेल

येथे प्रत्येक कार्यकर्त्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. सांडपाण्यातून वीज हे शब्द ऐकताच गावात मोठ्या आशा निर्माण होतात. शेतावरचा पंप या विजेवर चालेल असे सांगणारा कोणी भेटला, तर ग्रामपंचायतीचा पैसा वाया जाण्याचा संभव आहे.

तीन अश्वशक्तीच्या पंपास सुमारे २२४० वॅट वीज लागते. मातीच्या घटातून वर सांगितल्याप्रमाणे दर घनमीटरला २.३ वॅट मिळाले असे धरले, तर एका पंपासाठी सुमारे ९७० घनमीटरचे घट लागतील. म्हणजे वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद व जवळजवळ अडीच मीटर खोल असा हौद पूर्णपणे घटांनी भरावा लागेल. प्रयोगशाळेतील लहान भांड्यात मिळणारा दर मोठ्या हौदात टिकवणे अवघड असते, ही गोष्ट वेगळीच. तेव्हा पंपाचा विचार सोडून द्यावा.

दुसरा हिशेब घाणीच्या बाजूने करता येतो. एक किलोग्रॅम प्राणवायू लागेल एवढी घाण पूर्णपणे विजेत बदलली तर सुमारे ३३५० अँपिअर-तास इतका प्रवाह मिळेल. एक घनमीटर घरगुती सांडपाण्यात याच्या निम्मी घाण असते. त्यातील दहावा हिस्सा प्रत्यक्षात तारेतून गेला आणि विजेचा दाब ०.३ व्होल्ट राहिला, असे धरू. मग एका घनमीटरमागे सुमारे ५० वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा विसावा भाग वीज मिळेल. पाच माणसांच्या घरातून दिवसाला अर्धा घनमीटर पाणी निघत असेल, तर त्यातून पाच वॅटचा एक दिवा पाच तास चालेल, तोही सर्व काही सुरळीत असल्यास. एवढी वीज लहानसा सौर पट्टादेखील देतो.

वाचणारी वीज

मग या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर वरील आकड्यांतच आहे. एक घनमीटर पाण्यातून ०.०५ युनिट वीज मिळते, पण त्याच पाण्यात हवा घुसळण्यासाठी ०.३ ते ०.६ युनिट खर्च होत असते. मातीच्या घटात हवा घुसळावी लागत नाही. बाहेरच्या कांडीस हवा आपोआप मिळते. म्हणजे घटाने निर्माण केलेल्या विजेपेक्षा घटामुळे वाचलेली वीज सहा ते बारा पट असू शकते. शिवाय अशा घटात गाळही कमी साठतो, कारण हवेवर पोसलेल्या जिवाणूंइतके हे जिवाणू झपाट्याने वाढत नाहीत.

तेव्हा मातीच्या घटाकडे वीज निर्माण करणारे यंत्र म्हणून पाहू नये. विजेशिवाय चालू शकणारे शुद्धीकरणाचे साधन म्हणून त्याकडे पाहावे. मिळणारी थोडी वीज ही वरकमाई आहे. शौचालयातील रात्रीचा दिवा किंवा पाण्याची स्थिती दाखवणारे लहान यंत्र तिच्यावर चालू शकते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी मातीच्याच नळ्यांचे घट करून मूत्रालयांत दिवे लावले. २०१७ मध्ये युगांडातील किसोरो येथील सेसेमे कन्याशाळेत त्यांनी अशी व्यवस्था बसविली. रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या मुलीला पायवाटेवर उजेड असणे ही लहान गोष्ट नव्हे. खरगपूर येथेही मातीचे घट जोडलेले शौचालय उभारून त्यावर दिवे लावण्यात आले आहेत.

शेणासाठी वायुसंयंत्र, पातळ पाण्यासाठी घट

घाणीतून शक्ती काढण्याची जुनी व अधिक सामर्थ्यवान रीत म्हणजे जैववायू. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून निघणारा वायू गोळा करून वापरण्यात आला होता. देहू येथील डॉ. सु. वि. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेल्या मलप्रभा वायुसंयंत्राचा प्रसार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. सुमारे २५ किलोग्रॅम ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. त्याच्याशी मातीचा घट स्पर्धा करू शकत नाही, व करण्याचे कारणही नाही.

फरक पाण्याच्या दाटपणाचा आहे. शेण, मैला, भाजीबाजाराचा कचरा यांसारखा दाट माल वायुसंयंत्रात घालावा. स्नानाचे, धुण्याभांड्यांचे किंवा गोठा धुतलेले पातळ पाणी संयंत्रात घातले तर जागा फार लागते, आणि निघालेला थोडा वायूही बराचसा पाण्यातच विरघळून वाहून जातो. अशा पातळ पाण्यासाठी मातीचा घट अधिक योग्य आहे. संयंत्रातून बाहेर पडणारे निवळ पाणीही त्यात घालता येईल. ज्या घरी गुरे आहेत तेथे प्रथम वायुसंयंत्र, आणि घटाचा विचार त्यानंतर, हा क्रम विसरू नये.

रसायनमिश्रित पाण्यात जिवाणू जगत नाहीत

उल्हासनगरच्या अनुभवातून घेण्याजोगा एक धडा येथे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीस मिळणाऱ्या नाल्यात घातक रसायन ओतण्यात आले. त्यातून उठलेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला व त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. माणसाला जे सोसत नाही ते जिवाणूलाही सोसत नाही. आम्ल, क्लोरीन, जड धातू किंवा रंगाच्या कारखान्यातील तीव्र द्रव्ये यांचा एक लोंढा आला, तर महिनाभर वाढवलेले जिवाणू एका दिवसात नष्ट होतात. शिवाय जड धातू जिवाणूंच्या खाण्याने नाहीसे होत नाहीत. ते गाळात किंवा पाण्यात राहतातच, आणि भाजीत उतरतात.

म्हणून घरगुती पाणी आणि कारखान्याचे पाणी उगमापाशीच वेगळे ठेवणे ही सर्व जैविक शुद्धीकरणाची पहिली अट आहे. एकदा दोन्ही नाल्यात मिसळली की ना वायुसंयंत्र, ना मातीचा घट, ना शेतातील माती त्यांना वेगळे करू शकते. शहराला लागून असलेल्या प्रत्येक गावाने हे ध्यानात ठेवावे. गावात लहान कारखाने येऊ लागले असतील, तर त्यांच्या गटाराची वाट कोठे जाते हे ग्रामसभेने आधीच विचारावे.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत करण्याजोगे प्रात्यक्षिक

पुढील प्रात्यक्षिक थोड्या खर्चात करता येते.

१. कुंभाराकडून सुमारे एक लिटरची, झिलई नसलेली तीन सारखी मडकी घ्यावीत. भिंत चार-पाच मिलिमीटर जाडीची असावी. बोटाने वाजवून नाद ऐकावा. बद्द आवाज आल्यास भांडे तडकलेले समजावे.

२. मडकी एक दिवस पाण्यात भिजवावीत. नंतर पाणी भरून ठेवल्यास बाहेरून ओल यावी, पण थेंब गळू नयेत.

३. एका मडक्यास बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावेत व ते वाळू द्यावे.

४. प्रत्येक मडक्यात कार्बनचे जाड कापड किंवा ग्राफाइटच्या कांड्या ठेवाव्यात. भाताच्या खाचरातील किंवा गावतळ्याच्या तळचा चिखल मूठभर घालून, तांदळाच्या धुवणाने किंवा गोठ्याच्या गाळलेल्या पाण्याने मडके काठोकाठ भरावे. झाकण घट्ट बसवून हवा बंद करावी.

५. मडक्याच्या बाहेरील बाजूस कार्बनचे कापड घट्ट गुंडाळावे व ते ओले राहील पण हवेत उघडे राहील असे ठेवावे. तांब्याची तार द्रवात बुडू देऊ नये, कारण विरघळलेले तांबे जिवाणूंना घातक असते.

६. साध्या व रंगवलेल्या अशा एकेका मडक्याच्या आतील व बाहेरील कार्बनमध्ये १००० ओहमचा रोध जोडावा. तिसरे साधे मडके न जोडता ठेवावे. रोज ठरावीक वेळी मापकयंत्राने व्होल्ट मोजून वहीत लिहावेत. आठवड्यातून दोनदा मडक्यांत ताजे धुवण घालावे.

जिवाणू स्थिरावण्यास एक ते तीन आठवडे लागतात. कोकणातील उबदार हवा त्यांना मानवते. साध्या मडक्याचा दाब हळूहळू वाढून काही दशांश व्होल्टपर्यंत जातो. रंगवलेल्या मडक्याची छिद्रे बुजलेली असल्याने त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. काम मातीच्या छिद्रांचे आहे, हे यावरून मुलांनाही पटते. न जोडलेल्या मडक्यातील पाण्याचा वास व गढूळपणा जोडलेल्या मडक्याशी ताडून पाहावा.

१००० ओहमवर ०.३ व्होल्ट मिळाले तर प्रवाह केवळ ०.३ मिलिअँपिअर असतो. त्यावर दिवा लागणार नाही, ही गोष्ट प्रात्यक्षिकापूर्वीच सांगावी. लाल रंगाच्या लहान दिव्यासही सुमारे १.८ व्होल्ट लागतात. अनेक मडकी ओळीने जोडून दाब वाढवता येतो, परंतु त्यांतील पाणी एकमेकांस मिळता कामा नये. ओळीतील एक मडके अशक्त असले तर ते इतरांना मागे ओढते.

हे काम करताना हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. ही मडकी पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत. कारखान्यालगतच्या नाल्याचे पाणी प्रात्यक्षिकासाठी आणू नये.

शेतकऱ्याने काय समजावे

मातीच्या घटातून निघालेले पाणी घाणीच्या मानाने पुष्कळ स्वच्छ असले तरी ते रोगजंतूंपासून मुक्त नसते. कच्ची खाल्ली जाणारी पालेभाजी, काकडी, टोमॅटो यांवर ते घालू नये. फळझाडे, चारा व लाकूडफाट्याची झाडे यांना ते मुळाशी द्यावे. त्यातील नत्र व स्फुरद बरेचसे टिकून राहतात, ही शेतीच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. मात्र त्याचा हिशेब धरून वरखत कमी करावे.

आजच्या घडीस ही रीत वायुसंयंत्राप्रमाणे घरोघर बसवण्याच्या अवस्थेस पोहोचलेली नाही. शाळा, वसतिगृह, आठवडी बाजाराचे शौचालय अशा जेथे पातळ सांडपाणी रोज ठरावीक प्रमाणात निघते व विजेचा भरवसा नसतो, त्या ठिकाणी तांत्रिक संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तिचा प्रयोग करण्यासारखा आहे. असा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आला तर सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत. रोज किती पाणी शुद्ध होईल? शुद्ध झालेल्या पाण्याची तपासणी कोण व किती वेळा करील? भांडी बदलण्याचे व क्षार काढण्याचे काम कोणाकडे राहील? विजेचा प्रश्न यानंतर विचारावा. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर तो प्रस्ताव मंजूर करण्याची घाई करू नये. उत्तरे मिळत असतील, तर जवळच्या कुंभारास बोलावून मडक्यांचा नमुना करून घेण्यास उशीर लावू नये.